भिंगऱ्यांचा वंश सांगणारी चिखलाची घरटी

उडणाऱ्या भिंगऱ्यांचा थवा पाहून त्यांतील कोणती जात कोणाची सख्खी आणि कोणती चुलत, हे सांगणे पक्षितज्ज्ञांनाही फार काळ जमलेले नव्हते. निमुळते अंग, लांब टोकदार पंख, आखूड पण रुंद जबड्याची चोच आणि इवलेसे पाय ही ठेवण जवळपास सगळ्यांची सारखीच असते. हवेत उडता उडता कीटक टिपून पोट भरायचे ठरल्यावर शरीराला फारसे पर्याय उरत नाहीत, आणि म्हणून रूपावरून नाते जोडायला गेले की फसगत होते. हा गुंता सोडवताना भिंगऱ्यांच्या रूपापेक्षा त्यांच्या घरट्यांचा अधिक उपयोग झाला आणि त्यांतही चिखलाच्या घरट्यांचा सर्वाधिक. ही घरटी बांधणाऱ्या जातींचा एक मोठा गट आहे. हा लेख त्या गटाविषयी आहे.

आधी नावाचा घोळ दूर करू. मराठीत ‘पाकोळी’ हा शब्द सैलपणे अनेक पाखरांसाठी वापरला जातो. पक्षिनिरीक्षक मात्र इंग्रजीतल्या ‘स्वॉलो’ला भिंगरी आणि ‘स्विफ्ट’ला पाकोळी म्हणतात, आणि हा भेद पाळण्यासारखा आहे. पाकोळी व भिंगरी दिसायला बहिणी वाटल्या तरी त्यांचे गणच वेगळे आहेत. पाकोळीचे जवळचे नातलग हमिंगबर्ड आहेत, तर भिंगरी ही चिमणी, बुलबुल, दयाळ यांच्या गणातली आहे. पाकोळीला तारेवर किंवा फांदीवर बसता येत नाही, ती फक्त खडबडीत भिंतीला लटकू शकते. भिंगरी तारेवर खुशाल बसते, पिसे साफ करते आणि गोड किलबिलाटही करते. दोघींमधले साम्य समान जीवनक्रमाने घडवलेले आहे, ते रक्ताच्या नात्याचे नाही. आणखी एक शब्द स्पष्ट करतो. या लेखात ‘जाती’ म्हणजे एकेक प्रकारचा पक्षी आणि ‘प्रजाती’ म्हणजे जवळच्या जातींचा समूह. वर्तमानपत्रांत हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात.

भिंगऱ्यांच्या कुलात सुमारे 90 जाती मोडतात. त्यांच्या गळ्यातील स्वरयंत्राजवळच्या श्वासनलिकांच्या कड्या जवळपास पूर्ण गोलाकार असतात. इतर गाणाऱ्या पक्ष्यांत त्या अर्धवट असतात, त्यामुळे हे कुल त्यांच्यापासून सहज वेगळे काढता येते. पण कुलाच्या आत शिरल्यावर शरीररचनेचे असे ठळक पुरावे संपतात. मग पाहायचे ते घरटे. काही जाती नदीच्या दरडीत बिळे खणतात, काही झाडाच्या ढोलीत किंवा दुसऱ्याने केलेल्या बिळात बिऱ्हाड करतात आणि काही चिखलाच्या गोळ्या एकमेकींवर रचून घर उभे करतात. 1993 मध्ये डेव्हिड विंकलर आणि फ्रेडरिक शेल्डन यांनी डीएनएच्या आधारे भिंगऱ्यांची वंशावळ मांडली आणि तिच्यावर घरट्यांचे प्रकार बसवून पाहिले. तेव्हा असे दिसले की चिखलाने बांधकाम करण्याची कला या कुलाच्या इतिहासात एकदाच उगवली असावी आणि ती जाणणाऱ्या सर्व जाती एकाच पूर्वजाच्या वंशज आहेत. त्या वंशातही घरट्याचा आकार टप्प्याटप्प्याने गुंतागुंतीचा होत गेला. आधी उघडी वाटी आली, मग झाकलेली वाटी आणि शेवटी बोगद्यासारखे तोंड असलेला सुरईचा आकार.

या गटात मुख्यतः पाच प्रजाती येतात. उघडी वाटी बांधणाऱ्या दोन आहेत, हिरुंडो आणि टायोनोप्रोग्ने. डेलिकॉन झाकलेली वाटी करते, तर सेक्रोपिस आणि पेट्रोकेलिडॉन सुरईपर्यंत पोहोचलेल्या आहेत. नावे बोजड आहेत, पण ती थोडी अंगवळणी पडू द्यावीत, कारण मराठीत या सगळ्यांना मिळून आपल्याकडे ‘भिंगरी’ हा एकच शब्द आहे.

प्रत्यक्ष बांधकाम कसे चालते, हे पाहण्यासारखे असते. पक्षी पाणवठ्याच्या काठी उतरतो, चोचीत मावेल एवढा ओला चिखल उचलतो आणि जागेवर नेऊन आधीच्या थरावर दाबतो. दाबताना तो चोच जलद थरथरवतो, त्यामुळे चिखल क्षणभर पातळ होऊन खालच्या गोळीच्या खाचांत शिरतो आणि घट्ट बसतो. काँक्रीट ओतल्यावर ते यंत्राने थरथरवून पोकळ्या भरून काढतात, त्याच तत्त्वावर हे काम होते. चोचीतील लाळही मातीचे कण सांधायला मदत करते. एका घरट्याला सुमारे हजारभर गोळ्या लागतात आणि प्रत्येक गोळीमागे एक खेप असते. एकाच दिवशी फार उंच थर चढवला तर ओल्या मातीचे ओझे खालच्या मातीला पेलत नाही आणि सगळे ढासळते. म्हणून दिवसाचे थोडे काम करायचे, ते वाळू द्यायचे आणि मग पुढचा थर द्यायचा, हा गवंड्याचा नियम या पक्ष्यांनाही पाळावा लागतो. यातूनच त्यांच्या मर्यादाही समजतात. आसपास योग्य ओलाव्याची माती हवी, वर पावसापासून आडोसा हवा आणि पकड घेता येईल असा खडबडीत पृष्ठभाग हवा. पुलांच्या कमानी आणि इमारतींचे सज्जे बांधून माणसाने नकळत या तिन्हींतल्या दोन गोष्टींची सोय करून दिली, आणि त्यामुळेच या गटातील अनेक जातींचा प्रदेश विस्तारला.

हिरुंडो या लॅटिन शब्दाचा अर्थच भिंगरी. या प्रजातीत पंधराएक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक आफ्रिकेत आढळतात. वरून चमकदार निळसर काळा, खालून पांढरा किंवा तांबूस असा साधारण रंग, आणि बऱ्याच जातींत शेपटीच्या कडेची दोन पिसे लांबलेली असतात. सर्वांत परिचित जात म्हणजे माळभिंगरी. वजन अवघे 20 ग्रॅमच्या आसपास, कपाळ आणि गळा विटकरी, गळ्याखाली गडद निळा पट्टा आणि खोल दुभंगलेली शेपटी अशी तिची ओळख आहे. उत्तर गोलार्धाच्या फार मोठ्या भागात ती वीण करते आणि हिवाळ्यात आफ्रिका, दक्षिण आशिया व दक्षिण अमेरिकेत उतरते. हिवाळ्यात भिंगऱ्या तळ्यांच्या तळाशी चिखलात झोपून राहतात, असे युरोपात कित्येक शतके मानले जाई. मे 1911 मध्ये इंग्लंडमध्ये पायात कडे घातलेली एक माळभिंगरी डिसेंबर 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात सापडली, आणि त्या एका कड्याने या प्रवासाचा पल्ला निर्विवाद दाखवून दिला.

माळभिंगरीची शेपटी जीवशास्त्रात चांगलीच गाजलेली आहे. नराची शेपटी मादीपेक्षा लांब असते. आंदेर्स मोलर या डॅनिश संशोधकाने 1988 मध्ये काही नरांच्या शेपटीची पिसे कापून आखूड केली आणि काहींना पिसांचे तुकडे चिकटवून ती लांब केली. लांब शेपटीच्या नरांना जोडीदार लवकर मिळाली आणि त्यांच्यापैकी अधिक जणांची त्याच हंगामात दुसरी वीणही झाली. मात्र या शोभेची किंमत मोजावी लागते. कृत्रिमरीत्या शेपटी लांबवलेल्या नरांची शिकार करताना कुचंबणा झाली आणि पुढच्या वर्षी त्यांची नवी शेपटी आखूड उगवली. गंमत अशी की उत्तर अमेरिकेतील माळभिंगऱ्यांवर पुढे झालेल्या प्रयोगांत पोटाच्या गडद तांबूस रंगाला अधिक महत्त्व असल्याचे दिसले. उत्तर अमेरिकेतील नर अंडीही थोडा वेळ उबवतात, तर युरोपात हे काम एकट्या मादीकडे असते. म्हणजे एकाच जातीत, समुद्राच्या दोन बाजूंना, सौंदर्याची कसोटी आणि संसाराची वाटणी दोन्ही वेगळ्या आहेत. जातीची व्याख्या पुस्तकात वाटते तितकी पक्की नसते, याचे याहून सोपे उदाहरण मला माहीत नाही.

त्याहून नवलाची घटना अर्जेंटिनात घडली. उत्तर अमेरिकेतून हिवाळ्यासाठी तिथे जाणाऱ्या माळभिंगऱ्यांपैकी काहींनी 1980 च्या सुमारास ब्यूनस आयर्स प्रांतात पुलांखाली घरटी बांधून तिथेच वीण सुरू केली. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्यामुळे या पक्ष्यांचे वर्षाचे सारे वेळापत्रकच सहा महिन्यांनी फिरले. आता त्या वसाहतीतले पक्षी वीण आटोपल्यावर दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळा काढतात आणि पुन्हा दक्षिणेला परततात. वीण, पिसे बदलणे आणि स्थलांतर हे तिन्ही कालक्रम काही दशकांत नव्याने जुळवले गेले, ही उत्क्रांतीच्या मापाने डोळ्याची पापणी लवावी इतकी जलद गोष्ट आहे.

माळभिंगरीच्या सख्ख्या जातींपैकी ऑस्ट्रेलियातील ‘वेलकम स्वॉलो’ छातीवरच्या निळ्या पट्ट्याच्या अभावी ओळखू येते. तिने विसाव्या शतकात समुद्र ओलांडला आणि 1958 मध्ये न्यूझीलंडमध्ये तिची पहिली वीण नोंदवली गेली. तारवाली भिंगरी आफ्रिकेत आणि दक्षिण व आग्नेय आशियात राहते. डोक्यावर तांबूस टोपी, खालची बाजू स्वच्छ पांढरी आणि शेपटीतून निघालेल्या दोन अतिशय बारीक तारा ही तिची खूण. ती पाण्यापासून सहसा दूर जात नाही आणि वसाहत न करता जोडीजोडीने पुलाखाली वाटी बांधते. आफ्रिकेतील निळी भिंगरी ओल्या गवताळ टेकड्यांवर राहते आणि जमिनीत खचलेल्या खड्ड्यांच्या किंवा आर्डव्हार्क या प्राण्याने खणलेल्या बिळांच्या आतल्या भिंतीला आपली वाटी चिकटवते. गवताळ प्रदेश नांगराखाली आणि लागवडीखाली गेल्यामुळे ती आज संकटात आहे. पांढऱ्या शेपटीची भिंगरी दक्षिण इथिओपियातील एका छोट्याशा, तुलनेने थंड पट्ट्यातच सापडते. भोवतालच्या अधिक उष्ण प्रदेशात अडथळा दिसत नसूनही ती तिकडे सरकत नाही आणि तिथल्या गावांतील पारंपरिक झोपड्यांच्या आत घरटी बांधते.

टायोनोप्रोग्नेविषयी थोडक्यात सांगता येईल. या करड्या तपकिरी रंगाच्या, साध्या दिसणाऱ्या भिंगऱ्या कडेकपारींत आणि जुन्या दगडी इमारतींत राहतात. त्यांची शेपटी जवळपास चौकोनी असते आणि वळण घेताना ती पसरली की तिच्यावरचे पांढरे ठिपके चमकतात. घरटे माळभिंगरीसारखेच, म्हणजे उघडी वाटी.

डेलिकॉन प्रजातीपासून वाटीवर छप्पर येते. युरोपात ‘हाउस मार्टिन’ म्हणून घरोघरी ओळखला जाणारा पक्षी याच प्रजातीतला. निळसर काळी पाठ, ठसठशीत पांढरे बूड आणि बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी झाकलेले पाय ही या प्रजातीची लक्षणे आहेत. पायांवर पिसे असणे हे भिंगऱ्यांत दुर्मीळ आहे. घरटे वळचणीला लागून बंद केलेले असते आणि वरच्या कडेला एक लहानसे दार ठेवलेले असते. ‘डेलिकॉन’ हे नाव म्हणजे भिंगरीसाठीच्या ‘केलिडॉन’ या ग्रीक शब्दातील अक्षरांची अदलाबदल आहे. नाव ठेवणाऱ्यांची कल्पकता संपली होती की त्यांना कोडी आवडत होती, हे त्यांनाच ठाऊक. हाउस मार्टिन आणि माळभिंगरी यांची संकरित पिल्ले युरोपात अनेकदा आढळली आहेत. दोन वेगळ्या प्रजातींतील गाणाऱ्या पक्ष्यांचा संकर सहसा इतक्या वेळा होत नाही, तेव्हा वंशावळीतले त्यांचे नाते किती जवळचे आहे, याची ही जिवंत साक्षच म्हणता येईल.

सेक्रोपिसमधील जाती अंगाने थोड्या दणकट, उडताना अधिक संथ आणि तरंगत जाणाऱ्या असतात. बुडावर तांबूस रंग आणि अनेक जातींत पोटावर गडद रेघा, ही त्यांची ओळख. लालबुडी भिंगरी यांतली सर्वांत दूरवर पसरलेली. तिच्या मानेवर तांबूस पट्टा असतो, आणि शेपटीखालची काळी पिसे पाहून शेपूट शाईत बुडवून काढल्यासारखे वाटते. उडत्या माळभिंगऱ्यांमध्ये तिला वेगळी काढायला ही शेवटची खूण मला सर्वांत भरवशाची वाटते. भूमध्य समुद्रापासून पूर्व आशियापर्यंत आणि आफ्रिकेत पसरलेल्या या भिंगरीला पूर्वी एकच जात मानत, पण अलीकडे तिचे दोन किंवा तीन जातींत विभाजन केले जाते. श्रीलंकेत बारमाही राहणारी, खालून गर्द तांबडी असलेली भिंगरीही पूर्वी तिच्यातच गणली जात असे. या प्रजातीचे घरटे म्हणजे छताला आडवी चिकटवलेली सुरई: आत गोलसर दालन आणि त्याला जोडलेला अरुंद बोगदा. घर इतके सुरेख जमते की दुसऱ्यांनाही त्याचा मोह होतो. पांढऱ्या बुडाची एक आफ्रिकी पाकोळी या घरट्यांवर कब्जा करून तिथे वीण करते आणि स्पेनमध्ये ती लालबुडी भिंगरीच्या घरट्यांच्या आधारानेच स्थिरावली आहे. सुरुवातीला ज्या दोन पक्ष्यांत फरक करा म्हटले, त्यांची गाठ अशी एका घरात पडते.

उरली पेट्रोकेलिडॉन, म्हणजे शब्दशः ‘खडकावरची भिंगरी’. या जाती लहानखुऱ्या, चौकोनी शेपटीच्या आणि कमालीच्या समूहप्रिय आहेत. दक्षिण आशियातील रेघाळ गळ्याची भिंगरी पुलांखाली आणि कालव्यांच्या बांधकामांवर शेकडोंच्या संख्येने सुरया बांधते. त्या एकमेकींना इतक्या चिकटून असतात की दुरून मधमाश्यांचे पोळे वाटावे. पण या प्रजातीतील सर्वाधिक अभ्यासलेली जात उत्तर अमेरिकेतली, कपाळावर फिकट ठिपका आणि विटकरी गळा असलेली कडाभिंगरी आहे. चार्ल्स ब्राउन आणि मेरी ब्राउन यांनी 1982 पासून नेब्रास्कात तिच्या वसाहतींचा तीन दशकांहून अधिक काळ पाठपुरावा केला. तिथल्या वसाहती दोन-चार घरट्यांपासून 3,700 घरट्यांपर्यंत असत, आणि गर्दीत राहण्याचा नफा-तोटा त्यांनी बारकाईने मांडला. नफा असा की कीटकांचा थवा शोधण्यात अपयशी ठरलेला पक्षी वसाहतीत परत येऊन, पोटभर चारा घेऊन आलेल्या शेजाऱ्याच्या मागोमाग जातो, म्हणजे वसाहत हे बातमी मिळण्याचे ठिकाण ठरते. तोटाही मोठा आहे. भिंगऱ्यांच्या रक्तावर जगणारे ढेकणाच्या जातीचे कीटक दाट वसाहतीत भराभर पसरतात आणि पिल्ले अशक्त होतात. शिवाय शेजारीण आपल्या घरट्यात अंडे घालून जाते, आणि काही वेळा तर आपले अंडे चोचीत उचलून दुसऱ्याच्या घरट्यात नेऊन ठेवते. चिखल गोळा करताना या भिंगऱ्या पंख वर उचलून फडफडवत राहतात. त्यामुळे जमिनीवर बेसावध असताना पाठीवर चढू पाहणाऱ्या परक्या नरांना अटकाव होत असावा, असे मानले जाते.

ब्राउन दांपत्याच्या दोन नोंदी विशेष लक्षात राहतात. मे 1996 अखेरच्या सहा दिवसांच्या थंडीच्या लाटेत कीटक उडेनासे झाले आणि हजारो कडाभिंगऱ्या उपाशी मेल्या. वाचलेल्या पक्ष्यांचे शरीर सरासरीने मोठे आणि पंख आखूड होते, कारण मोठ्या देहात चरबी अधिक साठते. दुसरी नोंद रस्त्यावरची. पुलांखालच्या वसाहतींमुळे वाहनांची धडक बसून मरणारे पक्षी ते वर्षानुवर्षे गोळा करत होते. 2013 मध्ये त्यांनी दाखवून दिले की पक्ष्यांची संख्या वाढूनही असे मृत्यू सतत घटत गेले आणि मेलेल्या पक्ष्यांचे पंख जिवंतांपेक्षा लांब होते. आखूड पंखाचा पक्षी रस्त्यावरून झटकन सरळ वर उठू शकतो. रहदारीने निवड केली, असा याचा सरळ अर्थ लागतो, जरी इतर कारणांचा हातभार नाकारता येत नाही.

आता छपराचा प्रश्न. उघडी वाटी असलेली माळभिंगरी शेजाऱ्याला फार जवळ येऊ देत नाही, कारण समोरच्याला घरट्यातील सगळे दिसते. भिंत बंद झाली, दार अरुंद झाले, की शत्रूचे, शेजाऱ्याचे आणि परक्या नराचे शिरणे कठीण होते आणि घरटी एकमेकांना चिकटवूनही बांधता येतात. दाट वसाहती करणाऱ्या जाती झाकलेल्या घरट्यांच्या शाखांत का आढळतात, याचे उत्तर विंकलर आणि शेल्डन यांनी या जोडीत पाहिले. अंड्यांच्या रंगाचे मात्र असे सरळ गणित बसत नाही. अंधाऱ्या बंद घरट्यात रंग लपवायची गरज उरत नाही, म्हणून डेलिकॉनची आणि बहुधा सेक्रोपिसची अंडी पांढरीफेक असतात. पण तितक्याच बंद घरट्यात राहणाऱ्या कडाभिंगरीच्या अंड्यांवर तपकिरी ठिपके कायम आहेत.

वंशाने शिकवलेले बांधकाम परिस्थितीनुसार कमीही होते. अमेरिकेतील गुहावासी भिंगरी पेट्रोकेलिडॉन असूनही गुहेच्या अंधारात वरून उघडी वाटीच बांधते. तिथे छप्पर गुहेचेच असते. आफ्रिकेतील एक धिप्पाड सेक्रोपिस झाडाच्या ढोलीत राहते आणि चिखल फक्त ढोलीचे तोंड लहान करायला वापरते. ऑस्ट्रेलियातील वृक्षवासी पेट्रोकेलिडॉनही तेच करते, तर तिथलीच तिची बहीण शीशीसारख्या आकाराची पूर्ण घरटी बांधते.

याच प्रजातीत एक जात अशी आहे की जिचे घरटे आजवर कोणी पाहिलेले नाही. 1984 मध्ये सुदानच्या किनाऱ्याजवळील सांगानेब दीपगृहापाशी एक मेलेली भिंगरी सापडली. ती कोणत्याही ज्ञात जातीशी जुळली नाही, आणि पुढच्या वर्षी तिला पेट्रोकेलिडॉन पर्डिटा, म्हणजे ‘हरवलेली’, असे नाव मिळाले. तो एकच नमुना तिचा सगळा पुरावा आहे. वंशावळीवर विश्वास ठेवायचा तर ती तांबड्या समुद्रालगतच्या एखाद्या कड्यावर किंवा पुलाखाली, दाटीवाटीने, चिखलाची झाकलेली घरटी बांधत असावी. मात्र तिच्याच प्रजातीतील गुहावासी आणि वृक्षवासी बहिणींकडे पाहता, शोध घेणाऱ्याने आसपासच्या गुहा आणि झाडांच्या ढोल्याही तपासून पाहाव्यात हे बरे.